इंजिन उघडून दाखवाल का?

यामाहा आरएक्स हंड्रेडचं बॅरल खोलून टेबलावर घेतलं की जुना मिस्त्री लगेच ग्राइंडरला हात घालत नाही. आधी तो एक साधा कागद गुंडाळून बॅरलच्या आत सरकवतो, भिंतीला चापून बसवतो आणि तेलकट बोट आतून सगळीकडे फिरवतो. जिथे पोर्टची भोकं आहेत तिथे कागदावर कडा उमटतात. कागद बाहेर काढून पसरला की इंजिनाच्या पोटातला नकाशा समोर येतो. मधे एक्झॉस्टचं तोंड, दोन्ही बाजूंना ट्रान्सफरची तोंडं. मग तो एक्झॉस्टच्या वरच्या कडेवर पट्टी ठेवून पेन्सिलीने बारीक रेघ मारतो. घासायचं ते तिथपर्यंत, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. तेवढ्याने जळलेला वायू बाहेर पडायची वेळ काही अंशांनी अलीकडे येते. वरच्या आरपीएमला गाडी मोकळी सुटते, खालच्या वेगात जराशी मंदावते. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. सीसी मोजायला गेलं तर तेवढेच भरतात, कारण बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ५० मिलिमीटर, मिळून ९८ सीसी, यातलं काहीच हललेलं नसतं.

ही गाडी १९९६ साली कारखान्यातून यायची बंद झाली, पण सोलापूर-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या गल्ल्यांमधून ती गेली नाही. ज्या सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या मागांचे सुटे भाग लेथवर घडले, तिथे केसभर लोखंड काढून नेमकं थांबणारा हात दुर्मीळ नाही. म्हणूनच शर्यतीच्या दुनियेतला एक जुना प्रश्न इथल्या गॅरेजमध्ये अगदी घरचा होऊन जातो. नियम म्हणतो, ‘इंजिन १०० सीसीपर्यंत.’ मिस्त्री सीसीला बोट लावत नाही आणि तरीही इंजिन वेगळंच करून टाकतो. त्याने नियम पाळला की मोडला? प्रश्न गाडीचा वाटतो, पण तो धर्माचा आहे. नियमाचं अक्षर पाळून त्याच्या हेतूला वळसा घालणारा माणूस दोषी ठरतो का, आणि ठरत असेल तर नेमका कुठल्या क्षणी?

आधी नियमाची स्वतःची अवस्था पाहू. गाडी जुनी झाली की सिलिंडर झिजतो, मग बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. हे पिस्टन मूळ मापापेक्षा पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर मोठे अशा चढत्या मापांत मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा पिस्टन बसला की त्याच आरएक्सचं इंजिन १०० सीसीच्या किंचित पुढे जातं. एक मिलिमीटरचा बसला की १०२ सीसी होतं. ज्याने काहीही डाव केला नाही, फक्त धूर सोडणारी जुनी गाडी दुरुस्त करून घेतली, तो कागदावर गुन्हेगार. आणि ज्याने एक्झॉस्टची कड घासली तो ९८ सीसीत सुखरूप! नियम लिहिणाऱ्याला ताकद मोजायची होती. ताकद डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याने घनफळ मोजलं. या दोन्हींच्या मधे जी फट राहिली, तिच्यातच हा सगळा प्रश्न राहतो.

हा प्रश्न जिथे उभा राहतो ते ड्रॅग रेसिंग म्हणजे मोटारींच्या शर्यतीचा सर्वांत उघडा प्रकार. थांबलेल्या दोन गाड्या, समोर दिव्यांचा खांब, हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, डावपेच नाहीत. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली ती रस्त्यांवरच्या जीवघेण्या शर्यती बंदिस्त धावपट्टीवर नेण्यासाठी. आपल्याकडे अशा शर्यती चेन्नईजवळच्या ट्रॅकवर किंवा विमानांच्या धावपट्ट्यांवर होतात. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरली, तिथे महागड्या परदेशी गाड्यांच्या रांगेत घरच्या गॅरेजात तयार केलेल्या गाड्याही उभ्या राहिल्या. गाड्यांचे गट पाडले जातात ते सीसीवर, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावर, आणि गाडी किती बदललेली आहे यावर. ‘स्टॉक’ म्हणजे कारखान्यातून आली तशी गाडी. हौशी माणसासाठी हा गट जिवाभावाचा, कारण इथे पैशापेक्षा हात चालायला हवा अशी अपेक्षा असते.

आणि हात चालतोच. अमेरिकेतल्या स्टॉक गटांत कॅमशाफ्टने व्हॉल्व्ह किती उचलावा याचं माप कारखान्याएवढंच असावं, असा नियम आला. मग कारागिरांनी उचल तेवढीच ठेवली आणि कॅमचा आकार असा घासला की व्हॉल्व्ह झटकन उघडावा, जास्त वेळ उघडा राहावा. तपासनीस उचल मोजायचा, ती बरोबर भरायची. या कॅमना ‘चीटर कॅम’ असंच नाव पडलं. नॅसकारच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या स्मोकी यूनिक या मेकॅनिकच्या कथा तर दंतकथा झाल्या आहेत. इंधनाची टाकी किती मोठी असावी हे नियमात होतं, टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी किती जाड असावी हे नव्हतं. यूनिक यांनी दोन इंच जाडीची, अकरा फूट लांबीची नळी बसवली आणि तिच्यात काही लिटर पेट्रोल जास्तीचं नेलं, असं सांगतात. ती नळी कुणापासून लपवलेली नव्हती. गाडीखाली वाकून बघणाऱ्याला ती दिसलीच असती.

नियमाने जे सांगितलं नाही ते मोकळं समजायचं की बंद? हा वाद मोटारींपेक्षा दोन हजार वर्षांनी जुना आहे आणि तो वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या आपल्याच मीमांसकांनी सर्वांत बारकाईने घातला. पाच नखांच्या प्राण्यांपैकी अमुक पाच खावेत, असं एक जुनं वचन आहे. हा काही खाण्याचा हुकूम नव्हे. त्या पाचांखेरीज बाकीचे खाऊ नयेत, एवढाच त्याचा अर्थ, असं मीमांसक सांगतात आणि अशा विधीला परिसंख्या म्हणतात. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ग्रुप एन नावाच्या, जवळपास कारखान्यातल्या अवस्थेतल्या गाड्यांसाठी अगदी हेच तत्त्व घातलं होतं. जे स्पष्ट शब्दांत मान्य केलेलं नाही ते सगळं निषिद्ध. म्हणजे एक्झॉस्ट पोर्टला हात लावायची परवानगी लिहिलेली नसेल तर लावायचा नाही, विषय संपला.

पण विषय संपत नाही, आणि हेही मीमांसकांना ठाऊक होतं. परिसंख्येत तीन दोष आहेत असं ते म्हणतात. शब्दांनी जे सांगितलं ते सोडावं लागतं, जे सांगितलं नाही ते कल्पावं लागतं, आणि माणसाला सहज मोकळं असलेलं अडवावं लागतं. दुसरा अर्थ लागतच नसेल तेव्हाच तिच्याकडे वळायचं. गॅरेजमध्ये हे दोष लगेच उघडे पडतात. ‘कारखान्यातून आली तशी’ म्हणजे कुठल्या दिवशी, कुठल्या साच्यातून आली तशी? कारखान्यालाही प्रत्येक मापात थोडी सूट दिलेली असते. शंभर पिस्टन तोलून त्यातला सर्वांत हलका निवडणारा माणूस एकही सुटा भाग घासत नाही आणि तरीही मूळ इंजिनापेक्षा सरस इंजिन बांधतो. त्याला अडवणारं वाक्य कुणी लिहून दाखवावं! प्रत्येक वाक्याला एक नवी कड असते आणि प्रत्येक कडेशी कुणीतरी कागद आणि पेन्सिल घेऊन बसलेला असतो.

म्हणून न्याय-अन्यायाची रेघ नियमाच्या शब्दांत सापडायची नाही. ती दुसरीकडे शोधावी लागते, आणि ती जागा महाभारताने द्रोणपर्वात दाखवून ठेवली आहे.

द्रोणाचार्यांच्या हाती शस्त्र आहे तोवर पांडवांची धडगत नाही. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि अश्वत्थामा मेल्याची हाकाटी करतो. द्रोणांचा विश्वास बसत नाही. ते युधिष्ठिराला विचारतात, कारण तिन्ही लोकांच्या राज्यासाठीही हा माणूस खोटं बोलणार नाही, याची त्यांना खात्री आहे. युधिष्ठिर सांगतो की अश्वत्थामा मेला, आणि हत्तीचा उल्लेख तोंडातल्या तोंडात करतो. मराठीत ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणारं मोघम बोलणं, असा अर्थ रूढ झाला. मूळ प्रसंगात मोघमपणा मुळीच नाही. वाक्य काटेकोर आहे, शब्दशः खरं आहे. एखाद्या तपासनिसाने लिहून घेतलं असतं तर त्यात चूक काढता आली नसती. तरी व्यासांनी लिहिलं की तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. दोष कुठे होता? शब्द खरे होते. दोष आवाजात होता. वाक्याचा एक भाग विचारणाऱ्याच्या कानापर्यंत पोचू नये अशा बेताने उच्चारला गेला, आणि सत्याची सगळी शिस्त तिथे ढासळली.

हा निकष हातात घेऊन १९९५ सालच्या एका टर्बोचार्जरकडे बघावं. जागतिक रॅली स्पर्धेत टोयोटाच्या सेलिका गाड्या धावत होत्या. इंजिनाला जाणारी हवा ३४ मिलिमीटरच्या एका अरुंद कड्यातूनच गेली पाहिजे असा नियम होता. कताल्युन्याच्या रॅलीत तपासनिसांना आढळलं की नळी घट्ट बसवताना आतल्या स्प्रिंगा दबून ते कडं काही मिलिमीटर सरकतं आणि त्याच्या बाजूने जास्तीची हवा आत शिरते. तपासणीसाठी नळी सोडवली की स्प्रिंगा कड्याला मूळ जागी आणून ठेवतात. उघडून बघणाऱ्याला सगळं नियमाप्रमाणे दिसणार. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी त्या कारागिरीची मोकळेपणाने तारीफ केली, इतकी चतुर यंत्रणा आपण मोटार शर्यतीत पाहिली नव्हती असं म्हटलं, आणि टोयोटाचे त्या वर्षीचे सगळे गुण काढून घेऊन बारा महिन्यांची बंदी घातली गेली. ते कडं म्हणजे यंत्रात उतरवलेला युधिष्ठिराचा दबका आवाज होता. विचारणारा समोर आला की एक उत्तर, तो वळला की दुसरं.

वीस वर्षांनी हाच प्रकार रोजच्या रस्त्यावर आला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतल्या संगणकाला आपली चाचणी चालू आहे हे ओळखता येत होतं आणि तेवढ्यापुरता तो धूर स्वच्छ करत होता. पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेने भारतातल्या गाड्या तपासल्या, आणि सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायची पाळी कंपनीवर आली. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. इथे शर्यत नव्हती, प्रतिस्पर्धी नव्हता. होती ती माणसांची फुप्फुसं. पण पापाची रचना तीच, परीक्षकाला एक आणि जगाला दुसरं.

यावर गॅरेजमधून एक रास्त आक्षेप येईल. लपवणं हेच पाप असेल तर सगळेच मिस्त्री पापी. आपल्या पोर्टचा नकाशा कोण दुसऱ्याला देतो? तो कागद घडी घालून खिशात जातो, आणि तसा तो जावाच. पण प्रतिस्पर्ध्यापासून राखलेलं गुपित आणि परीक्षकापासून राखलेलं गुपित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुस्तीतला वस्ताद आपला डाव दुसऱ्या तालमीला शिकवत नाही, यात कुणी अधर्म मानत नाही. पण पंचाच्या पाठीमागे बोट मुरगळणाऱ्याला लाल माती थारा देत नाही. मिस्त्रीला विचारायचा प्रश्न एवढाच की तपासनीस म्हणाला ‘इंजिन उघडा’, तर छातीचा ठोका न चुकवता बॅरल काढून त्याच्या हातात द्याल का? ‘हे असं घासलंय, तुमच्या पुस्तकात याला मनाई नाही, असेल तर दाखवा’ असं म्हणता येत असेल, तर तो कारागीर आहे, मग निकाल त्याच्या विरुद्ध का जाईना.

या वृत्तीवर उभी असलेली एक हौशी स्पर्धा भारतातच आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या छोट्या रेसिंग गाड्या घेऊन कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतसाठी जातात, पुण्याच्या महाविद्यालयांचे संघ त्यात असतात. यातली एक फेरी म्हणजे ७५ मीटरची सरळ धाव, ड्रॅगचंच धाकटं भावंड. पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच गोल तोंडातून गेली पाहिजे असा नियम आहे. त्या तोंडाशी हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की कितीही ओढलं तरी त्याहून जास्त आत येत नाही. मग मुलं तोंडाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकार असा घडवतात की हवेने वाटेत ताकद वाया घालवू नये, पुढे तिच्यासाठी एक पोकळी ठेवतात, इंजिनाच्या प्रत्येक श्वासाचा हिशेब मांडतात. नियमाच्या काठावर चाललेली ही कसरतच आहे. पण तीच मुलं परीक्षकांपुढे उभं राहून हा आकार का निवडला, हे समजावून सांगतात आणि त्याचे गुण मिळवतात. हवेची चोरवाट नाही ना, याची तपासणीही साधी. तोंड बंद केलं की इंजिन बंद पडलं पाहिजे. पडलं नाही तर हवा कुठूनतरी येते आहे, आणि तिथे बोलणं संपतं.

तरीही उघडपणा पुरेसा नाही, हेही महाभारतच सांगतं. गदायुद्धात नाभीखाली वार करायचा नाही, हा नियम. भीमाने दुर्योधनाच्या मांड्या फोडल्या त्या भर दिवसा, सर्वांसमोर. अर्जुनाने मांडीवर थाप मारून खूण केली होती, म्हणजे बेत थोडा आडून ठरला. पण वार लपवला नव्हता. बलराम तिथे होता. दोघांचा गुरू, कुणाच्याच बाजूने न लढलेला, आजच्या भाषेत तपासनीस. तो नांगर उगारून भीमावर धावला. कृष्णाने त्याला आवरलं, भीमाची प्रतिज्ञा सांगितली, द्यूतसभेतला अपमान सांगितला. बलरामाचं समाधान झालं नाही. भीमाला जग कपटी योद्धा म्हणूनच ओळखेल, असं बजावून तो निघून गेला. व्यासांनी बलरामाला तिथे खोडून काढलेलं नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात म्हटलं की ज्या कृतीमागचं तत्त्व जाहीर करता येत नाही ती कृती अन्याय्य समजावी. आणि लगेच बजावलं की याचं उलट खरं नाही, कारण ज्याच्या हाती निर्विवाद सत्ता आहे त्याला काही लपवायची गरजच नसते. भीमानेही काही लपवलं नाही.

आणि मग कर्णपर्वातला तो विलक्षण प्रसंग. ‘गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असं जो म्हणेल त्याचा वध करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. रागाच्या भरात ते म्हणतो युधिष्ठिरच. अर्जुन तलवार उपसतो. कृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. सत्यव्रत पाळायचं म्हणून त्याने लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना सांगितली आणि नरकात गेला. टिळकांनीही ‘गीतारहस्या’त सत्याच्या अपवादांची चर्चा करताना या कथेपाशी थांबून विचार केला. मग कृष्ण अर्जुनाला पळवाट देतो. वडीलधाऱ्याला अरे-तुरे करणं म्हणजे त्याचा वधच, तेव्हा थोरल्या भावाला एकदा ‘तू’ म्हण, प्रतिज्ञा पुरी होईल. नियमाला इतका सुंदर वळसा क्वचितच कुणी घातला असेल. इथे अक्षर वाकवलं ते एक जीव वाचावा म्हणून, आणि ज्याच्या संदर्भात वाकवलं त्याच्यासमोर, मोठ्या आवाजात. पळवाटेची पारख करताना तिची किंमत कुणी भरली हेही पाहावं लागतं. कारखान्याच्या सूटमर्यादेत पिस्टन निवडणाऱ्याने किंमत दिली स्वतःच्या रात्री जागवून. सरकत्या कड्याची किंमत दिली मागे पडलेल्या चालकांनी.

सोलापूर जिल्ह्यात मोटारींहून जुनी एक ड्रॅग रेस आहे, तिच्यात किंमत मोजणारा बोलू शकत नाही. बैलगाड्यांच्या शर्यती सांगोला, माळशिरसपासून पुढे साताऱ्या-सांगलीपर्यंत भरतात. पुणे भागात गाडा घड्याळाशी धावतो, इकडे गाड्या शेजारी शेजारी पळतात, गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या होतात. इथेही वर्ग आहेत आणि ते दातांवर ठरतात. दुधाचे दात असलेला आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. मालक बैलाचा जबडा उघडून दाखवतो, पंच वाकून दात बघतो. इंजिन उघडून दाखवण्याचा हा इतका थेट प्रकार आहे की त्यापुढे कुठलाही तपासणी कक्ष फिका पडावा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती थांबवल्या. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. अटींचा गाभा एकच, चाबूक, काठी, टोचणी, विजेचा झटका काहीही नको. मैदानात काठी न नेणारा, पण सरावाच्या रानात तीच काठी वापरणारा मालक मैदानावर निर्दोषच ठरतो. परीक्षक तिथे नव्हता, बैल होता. इथे उघडपणाचा निकष थिटा पडतो आणि भूतदयेला पुढे यावं लागतं.

याच भूमीत, सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात आणि तिथून दूर नसलेल्या कल्याणात, बाराव्या शतकात शिवभक्त शरणांनी श्रमाला पूजेच्या जागी बसवलं. त्यांच्या परंपरेत आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या जोडप्याची कथा आहे. मारय्याचं काम सांडलेले तांदूळ वेचून आणायचं. एके दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त घेऊन आला. चोरी नव्हती, सांडलेलंच होतं, कुणी मनाई केली नव्हती, कुणापासून लपवलंही नव्हतं. लक्कम्माने ते बघितलं आणि जास्तीचे परत नेऊन ठेवायला सांगितलं. गरजेपुरतं हवं, उरलेलं तो लोभ, हे तिचं म्हणणं. द्रोणपर्वाच्या कसोटीला उतरलेला मिस्त्री लक्कम्माच्या कसोटीला उतरेलच असं नाही.

आणि हौशी शर्यतीत तिची कसोटी अगदी व्यवहारी आहे. सगळं उघड, सगळं नियमाच्या काठाच्या आत, पण एकाने शंभर पिस्टन विकत घेऊन त्यातला एक निवडला आणि दुसऱ्याने मुलाच्या फीमधून वाचवून एकच घेतला, तर ज्या गटाची हौशी माणसासाठी उभारणी झाली तोच गट त्याच्या हातून जातो. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली ती अशी की अनावश्यक अडथळे स्वखुशीने पत्करून ते ओलांडायचा प्रयत्न म्हणजे खेळ. अडथळा सगळ्यांनी मिळून पत्करलेला असतो. तो एकट्याच्या पैशाने विरघळला की बाकीच्यांच्या हाती खेळ उरत नाही, त्याचे कष्ट मात्र उरतात.

अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरच्या हौशी मंडळींनी यावर एक उपाय काढला, तो लक्कम्माला पटला असता. शर्यत संपल्यावर हरलेल्यांपैकी कुणीही ठरलेली, बेताची रक्कम मोजून विजेत्याचं इंजिन विकत मागू शकतो आणि विजेत्याला ते द्यावं लागतं. त्यामुळे त्या रकमेपेक्षा जास्त खर्च इंजिनात ओतायचं धाडस होत नाही. काही ठिकाणी हा नियम छान चालला. काही ठिकाणी चालकांनी आपसांत ठरवून टाकलं की कुणी कुणाचं इंजिन मागायचं नाही, आणि नियम पुस्तकात पडून राहिला. मग आयोजकांनी कारखान्यातूनच सील होऊन आलेली इंजिनं सक्तीची केली, ठरावीक बोल्ट तुटल्याशिवाय उघडताच येऊ नयेत अशी. पुढे त्या बोल्टच्याच नकला बाजारात आल्या. मग क्रमांक घातलेल्या तारेची सीलं आली, आणि आता तपासनीस शर्यतीआधी इंजिनाशी गुडघ्यावर बसून तारेवरचा क्रमांक वहीशी ताडून बघतो.